चादरीची नीती आणि मजुरीची वही

घरगुती कापडाच्या बाजारात अलीकडे ‘नैतिक’ या विशेषणाला भाव आला आहे. चादर, पडदा, टॉवेल यांवर सेंद्रिय कापसाची अथवा न्याय्य व्यापाराची चिठ्ठी लावली की माल चढ्या दराने विकता येतो, हे उद्योजकांनी ओळखले आहे. समाजवादी विचारांचे काही तरुणही असा व्यवसाय उभारू पाहतात. त्यांच्या हेतूविषयी शंका नाही. परंतु हेतूच्या शुद्धतेने व्यवहाराची शुद्धता सिद्ध होत नाही. ती मजुरीच्या वहीवरूनच सिद्ध व्हावी लागते.

प्रमाणपत्र ही वही नव्हे. ११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीतील अली एंटरप्रायझेस या तयार कपड्यांच्या कारखान्यात आग लागून अडीचशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्याच कारखान्याला कामगारहिताचे ‘एसए ८०००’ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळून अवघे काही आठवडे झाले होते. तपासनीस येतो आणि जातो. कामगार मात्र रोज तेथेच असतो. म्हणून संघटित कामगाराइतका विश्वासू तपासनीस दुसरा नाही.

आपल्या सोलापूरकडे पाहा. तेथील चादर व टर्की टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळून सुमारे दोन दशके झाली. मानांकनाने नावाचे रक्षण झाले. विणणाऱ्याच्या मिळकतीचे रक्षण करणे हे त्याचे कामच नव्हे. यंत्रमागावरचा कामगार नगावर राबतो आणि कित्येक घरांत स्त्रीने विड्या वळल्याखेरीज महिना पुरा पडत नाही. देशातील हातमागाची स्थितीही निराळी नाही. २०१९-२० च्या गणनेत ३५ लाखांवर हातमाग कामगार आढळले, त्यांत २५ लाखांहून अधिक स्त्रिया होत्या. आणि सुमारे दोनतृतीयांश विणकर कुटुंबांचे उत्पन्न महिना पाच हजार रुपयांच्या आत होते.

याचे कारण मालकाच्या स्वभावात शोधू नये. कापूस, सूत, रंग व वीज यांचे भाव मागधारकाच्या हाती नसतात. विक्रीचा भाव मोठा खरेदीदार ठरवतो. या दोहोंच्या मध्ये दाबता येण्याजोगी एकच रक्कम उरते, ती मजुरीची. दयाळू मालकही या चिमट्यातून सुटत नाही.

तेव्हा नैतिक व्यवसायाने हिशेबाचा क्रमच उलटा केला पाहिजे. आधी मजुरी ठरावी, मग किंमत. मागणी नोंदवतानाच सुतापुरती उचल द्यावी व माल हाती येताच उरलेली रक्कम चुकती करावी. महिनोन्‌महिन्यांची उधारी म्हणजे गरिबाकडून घेतलेले बिनव्याजी कर्जच होय. २०२० साली टाळेबंदीत परदेशी खरेदीदारांनी तयार मालाच्या मागण्याही रद्द केल्या आणि मंदीचा बोजा मागावर ढकलला. तसे न करण्याचा लेखी करार असावा. आणि विणकरांच्या संघटनेला वा सहकारी संस्थेला हिशेब पाहण्याचा हक्क असावा.

यावर कोणी म्हणेल, अशी चादर महाग पडेल व ती केवळ श्रीमंतच घेतील. आक्षेप खरा आहे. म्हणूनच चार दुकानांच्या सचोटीने प्रश्न सुटेल, असा भ्रम नको. रेल्वे, सरकारी रुग्णालये, वसतिगृहे यांना चादरी लागतातच. त्या खरेदीत सर्वांत कमी दराची निविदा हाच निकष न ठेवता किमान वेतन व भविष्यनिर्वाह निधी भरल्याचा पुरावा ही अट घालून ती कसोशीने पाळली, तर मोठा बाजार न्यायाच्या बाजूस वळेल.

व्यवसाय उभारू पाहणाऱ्या तरुणांनी जरूर पुढे यावे. त्यांचे दुकान हा न्याय्य मजुरी परवडते याचा पुरावा ठरू शकेल. ती सर्वांना मिळवून देण्याचे काम मात्र चळवळीचेच आहे. मागवाल्यांच्या वस्तीत जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी चिठ्ठीवर काय छापले आहे हे पाहत बसू नये. एका चादरीमागे हाती काय पडले आणि ते केव्हा पडले, एवढे दोनच प्रश्न विचारावेत व उत्तरे लिहून आणावीत. आपल्या मागणीपत्राची सुरुवात तेथूनच होईल.