दुपारी दोन ते चार वाचनालय बंद

“पन्नाशी उलटलेल्या बाईला बाराखडी शिकवून काय मिळणार? तोच वेळ, तोच पैसा शाळेतल्या पोरांवर घाला.” पनवेलमध्ये प्रौढ साक्षरतेचा विषय काढला की हे वाक्य हटकून कानावर येते. बोलणारा बहुधा स्वतः चांगला वाचणारा, एखाद्या वाचनालयाचा आजीव सभासद असतो. त्याच्या मनात खोट नसते, पण हिशेब त्याने अर्धाच मांडलेला असतो.

पनवेल तालुक्यातल्या जमिनीचे आजचे भाव त्याने आठवावेत. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. दलाल त्याच्या कितीतरी आधीपासून गावोगाव फिरत होते. अशा तालुक्यात घरातला म्हातारा गेला की वारसनोंदीचे कागद निघतात आणि त्यांच्यामागोमाग बहिणींसाठी एक हक्कसोडपत्र तयार होते. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा वाटा महाराष्ट्राने १९९४ साली दिला, केंद्राने २००५ साली. तो सुटायला अर्धा तास पुरतो. शाईच्या पॅडवर डावा अंगठा टेकवायचा, भाऊ दाखवील तिथे दाबायचा. शेजारी कुणीतरी ‘निशाणी डावा अंगठा’ असे लिहितो आणि बाई पदराला बोट पुसत बाहेर येते. (दस्त नोंदवताना सुशिक्षितांचाही अंगठा घेतात, हे मला माहीत आहे. सहीच्या जागेवरचा अंगठा वेगळा.) वाचता येणाऱ्या बहिणीही सह्या करून मोकळ्या होतात, हेही खरे. नात्याची भीड अक्षराने तुटत नाही. पण “कागद घरी नेते, वाचते, मग सांगते” एवढे म्हणायची सोय तरी वाचणारीला असते. पन्नाशीत शिकून काय मिळते, याचा पनवेलपुरता हिशेब गुंठ्यांत मांडता येतो.

दुसरा आक्षेप नव्या जमान्याचा आहे. आता मोबाईल वाचून दाखवतो, बोललेले लिहून देतो, दुकानातला डबा “इतके रुपये प्राप्त झाले” असे ओरडून सांगतो. मग अक्षरांची मातब्बरी कशाला? २०२४ साली ‘लाडकी बहीण’चे अर्ज निघाले तेव्हा सेतू केंद्रांपुढे आणि सायबर कॅफेंपुढे लागलेल्या रांगा आठवा. बहुतेक घरांत मोबाईल होता, तरी बायका रांगेत होत्या. फोन एखादे वाक्य वाचून दाखवतो; पण अर्जाच्या कोणत्या रकान्यात काय मागितले आहे, कशावर टिचकी मारली म्हणजे आपण कशाला होकार दिला, हे कळायला नजर स्वतःच कागदावर मागेपुढे फिरवावी लागते. आणि आलेला ओटीपी दुसऱ्याला वाचायला दिला की बँकेचे खातेही त्याच्याच हातात जाते.

‘रायगड जिल्हा ८३ टक्के साक्षर आहे, आता राहिले काय?’ असेही विचारतात. २०११च्या जनगणनेतला आकडा तेवढाच आहे. स्त्रियांचा साधारण ७७. पण जनगणनेत विचारतात आणि लिहून घेतात. पुढ्यात मजकूर ठेवून वाचायला कुणी सांगत नाही.

खरा तोलामोलाचा आक्षेप वेगळाच आहे आणि तो डावीकडून येतो: हे सरकारचे काम आहे, तुम्ही फुकट शिकवत बसलात की सरकार हात झटकायला मोकळे. यातले निम्मे मला पूर्ण मान्य आहे. केंद्राच्या ‘उल्लास’ या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाची २०२२ ते २०२७ या पाच वर्षांची तरतूद १,०३७.९० कोटी रुपये आणि उद्दिष्ट पाच कोटी माणसांचे. भागाकार केला तर माणशी दोनशे आठ रुपये होतात, तेही पाच वर्षांत मिळून. बाकी सारे स्वयंसेवकांवर सोडलेले. २०२३ साली राज्यातल्या शिक्षक संघटनांनी निरक्षरांच्या सर्वेक्षणावर बहिष्कार टाकला, तेव्हा त्यांच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांत मी नव्हतो. आधीच अशैक्षणिक कामांनी वाकलेल्या मास्तरांवर आणखी एक ओझे, हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता.

पण यातून ‘म्हणून आपण गप्प बसावे’ हा निष्कर्ष कसा निघतो? बडोद्याचे सयाजीराव गायकवाड दत्तक गेले तेव्हा बारा वर्षांचे होते आणि अक्षरओळख तिथून पुढे झाली. या माणसाने १९०६ साली साऱ्या राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून वाचनालयांचे जाळे विणायला घेतले. शिकलेला माणूस वाचायला काही न मिळाल्यास शिकलेले विसरतो, ही त्यामागची धारणा. पैशाची तऱ्हा त्याहून शहाणपणाची होती. गावाने वर्गणी काढली की तेवढीच रक्कम पंचायत द्यायची आणि तेवढीच दरबार. म्हणजे लोकवर्गणी हे सरकारच्या सुटकेचे निमित्त नव्हते, सरकारला बांधून घेण्याचा दोर होता. आपल्याकडे १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय करच नाही. अ, ब, क, ड वर्गांप्रमाणे अनुदान तेवढे मिळते. मग गावातल्या वाचनालयांत प्रौढांचे साक्षरता वर्ग भरावेत आणि त्यासाठी लोक काढतील त्या वर्गणीइतकीच रक्कम महापालिकेने घालावी, अशी मागणी पनवेलमधून का उठू नये? १८५२ सालची नगरपालिका म्हणून आपण मिरवतो, २०१६ पासून महानगरपालिका झालो. पण आधी वर्गणी जमायला हवी. हातात पावतीपुस्तक नसलेल्याची मागणी कुणी ऐकत नाही.

वर्गणीचे नाव काढताच कपाळाला आठ्या पडतात, आणि तो दोष आठ्या घालणाऱ्यांचा नाही. साक्षरतेसाठी दौड, टी-शर्ट, फ्लेक्स, पाहुण्यांना शाल-श्रीफळ. जमलेल्यातले बरेचसे जमवण्यातच संपते. दुसरा प्रकार ग्रंथदानाचा. माळा आवरताना निघालेले जुने दिवाळी अंक, बारावीची गाइडे, एक खंड गहाळ असलेले शब्दकोश गठ्ठ्याने वाचनालयाच्या दारात येऊन पडतात आणि देणारा फोटो काढून जातो. नव्याने वाचू लागलेल्या बाईला त्यातले एक पानही उपयोगाचे नसते. तिला टपोऱ्या अक्षरांची, आठ-दहा पानांत संपणारी, बाराखडीच्या पुस्तकासारखी बाळबोध नसलेली पुस्तके लागतात.

आणि त्याहून आधी लागतो चष्मा. चाळिशीनंतर जवळचे धूसर दिसू लागते. शिकलेल्याला ते चटकन कळते, कारण वर्तमानपत्र लांब धरावे लागते. ज्याने कधी वाचलेच नाही त्याला कळणार कसे? बाई पाटी डोळ्यांपासून दूर नेते, मान तिरपी करते, ‘घ’ आणि ‘ध’ यांत गोंधळते, चार दिवसांनी “माझ्या डोक्यात शिरत नाही” म्हणून येणे सोडते. डोके शाबूत असते. काही शे रुपयांच्या चष्म्यावाचून एक विद्यार्थिनी जाते आणि नोंद होते ‘गळती’. म्हणून वर्गणी मागायचीच तर चष्म्यांसाठी, शिकवणाऱ्याच्या प्रवासखर्चासाठी, मानधनासाठी, मोठ्या टायपातल्या पुस्तकांसाठी मागावी आणि खर्चाचा कागद दर महिन्याला दर्शनी फलकावर लावावा. सरकारमान्य वाचनालये बहुतेक नोंदणीकृत संस्थाच असतात, त्यांचे लेखापरीक्षण होते. या कामासाठी नवा ट्रस्ट काढणाऱ्यांकडे मी जरा संशयानेच पाहतो.

इथे वाचनालयाच्या कार्यकारिणीतला सदस्य घसा खाकरतो: वाचकांची शांतता भंग होईल, जागा नाही, वेळ नाही. माफ करा, वेळ आहे. आपल्याकडची कितीतरी वाचनालये सकाळी उघडतात, दुपारी मिटतात आणि चार-साडेचारला पुन्हा उघडतात. नवीन पनवेल-खांदा कॉलनीत घरकाम करणाऱ्या बायकांची सकाळची कामे आटोपतात ती दीड-दोनला; संध्याकाळची पुन्हा चारपासून. त्या नेमक्या ज्या दोन तासांत मोकळ्या असतात त्याच दोन तासांत वाचनालयाला कुलूप असते. पंखे आहेत, टेबले आहेत, तेव्हा भंग पावायला शांतता मात्र कुणाचीच नाही. शिकवायला माणसे हवीत तर वडाळे तलावाभोवती सकाळी फेऱ्या मारणाऱ्या निवृत्त शिक्षकांना, बँकवाल्यांना विचारा. के. गो. लिमये वाचनालयासारखी संस्था ज्या गावाने जपली त्या गावात आठवड्याचे दोन तास देणारी दहा माणसे मिळत नाहीत, हे मला कुणी पटवूच शकणार नाही. कातकरी वाड्यांचे गणित निराळे. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तिथला वर्ग पावसाळ्यातच भरला पाहिजे आणि पुस्तकांची पेटी वाडीवर गेली पाहिजे.

“असले वर्ग टिकत नाहीत” हा शेवटचा वार. यालाही इतिहासाचा आधार आहे. १९५९ साली साताऱ्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम पुढे राज्यभर गेली, १९७२ साली युनेस्कोचा क्रुपस्काया पुरस्कार तिला मिळाला. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. समारंभानंतर वाचायला हाताशी फारसे काही नसल्यामुळे शिकलेले अनेक जण पुन्हा अंगठ्यावर आले. उलट मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा पाहा. योगेंद्र बांगर या शिक्षकाने ८ मार्च २०१६ रोजी ती सुरू केली, मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने आर्थिक बळ दिले. गुलाबी नऊवारीतल्या आज्यांचे फोटो जगभर गेले. पण शाळा उभी राहिली ती आज्यांनी आपली पोथी आपण वाचायची इच्छा आधी बोलून दाखवली म्हणून. काय वाचायचे हे ठरलेले होते, अक्षरे मागून आली. पनवेलच्या बाईला कदाचित पोथी नको असेल. बचत गटाची वही हवी असेल, जी आज तिच्या वतीने शेजारणीची मुलगी लिहिते, किंवा स्टँडवरच्या एसटीची पाटी, किंवा तो सातबारा. तेच तिचे पहिले पुस्तक.

वाचनालयांच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवालवाचन, ताळेबंदाला मंजुरी आणि मग ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ असतात. सभासदांपैकी कुणीही तिथे उभे राहून दुपारी दोन ते चारचा ठराव मांडू शकतो. अनुमोदनाला एक हात पुरतो.