विश्लेषण : कंपनीतले ज्ञान व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये का हरवते?

मशीन बंद पडते. ऑपरेटर ग्रुपवर फोटो टाकतो, कुणीतरी उपाय सांगतो, खाली चार अंगठे येतात आणि काम सुरू होते. सहा महिन्यांनी तोच बिघाड पुन्हा होतो. तोवर तो मेसेज वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला गेलेला असतो आणि उपाय सांगणाऱ्याने नोकरी सोडलेली असते. चाकण असो वा बुटीबोरी, कारखान्यात काम करणाऱ्याला हे नवीन नाही.

झेरॉक्सने काय केले?

अमेरिकेतील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातील मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी १९८०च्या दशकात फोटोकॉपी मशीन दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांचा अभ्यास केला. कंपनीचे मॅन्युअल प्रत्येक बिघाडाला पुरत नव्हते. खरी माहिती जेवणाच्या वेळी एकमेकांना सांगितलेल्या किश्श्यांतून पसरत होती.

पुढे १९९०च्या दशकात 'युरेका' ही प्रणाली आली. सुरुवात फ्रान्समध्ये झाली. तंत्रज्ञ उपाय लिहून पाठवायचा, जाणकार सहकारी तो तपासायचे आणि मगच तो सर्वांसाठी खुला व्हायचा. सोबत लिहिणाऱ्याचे नाव असायचे. पैशांच्या बक्षिसापेक्षा तंत्रज्ञांना हे नावच मोलाचे वाटले.

मग अडते कुठे?

सॉफ्टवेअरपाशी नाही. वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिले विकी १९९५ मध्ये सुरू केले आणि आज मीडियाविकीसारखे सॉफ्टवेअर मोफत मिळते. अडते ते विश्वासापाशी. 'मला येते ते सगळ्यांना कळले, तर माझी गरज काय?' ही कामगाराची भीती निराधार नाही. अनुभवी माणसाकडून सगळे लिहून घ्यायचे आणि त्याच्या जागी कंत्राटी माणूस आणायचा, असे एकदा जरी घडले, तरी पुन्हा कुणी मनापासून लिहीत नाही.

उपाय काय?

ग्रुप बंद करण्याची गरज नाही. तातडीच्या मदतीसाठी तो उत्तमच आहे. मात्र सुटलेली अडचण त्याच दिवशी चार ओळींत कायमच्या नोंदीत जायला हवी : बिघाड, कारण, उपाय आणि सांगणाऱ्याचे नाव. नोंद तपासणारा माणूस ठरलेला हवा. लिहिण्याचा वेळ कामाच्या तासांत धरावा आणि बढती देताना ते लिखाण मोजावे. एवढे केले नाही, तर महागडी प्रणालीही रिकाम्या कपाटासारखी पडून राहील.