आरोग्य सल्ला : न भरणारी जखम

प्रश्न : माझ्या सासूबाईंच्या कमरेवर परकराच्या नाडीने काळा वळ पडला आहे. त्यावर झालेली जखम वर्षभर भरतच नाही. हा कॅन्सर तर नसेल? तुकडा काढला तर तो पसरेल, असे शेजारी म्हणतात.
– एक वाचक, खिदिरपूर (कोलकाता)

उत्तर : घाबरू नका, पण मलमांवर आणखी वेळही घालवू नका. जखम झाली की शरीर तिथे नव्या पेशी व रक्तवाहिन्या तयार करते आणि जखम भरली की हे काम थांबते. कॅन्सरची गाठ याच यंत्रणेवर वाढते, मात्र तिथे हे काम थांबत नाही. म्हणूनच अमेरिकेतील डॉ. हॅरोल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ साली अशा गाठींना ‘न भरणाऱ्या जखमा’ म्हटले. सतत घासून चिघळणाऱ्या जागी क्वचित कॅन्सर होतो. धोतर कमरेला घट्ट आवळल्याने होणाऱ्या कॅन्सरची नोंद मुंबईचे डॉ. वसंत खानोलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ मध्येच केली होती. सासूबाईंना सर्जनकडे न्या आणि तुकडा तपासून घ्या. पसरण्याच्या भीतीने तपासणी टाळणे हाच खरा धोका आहे. नाडीऐवजी रुंद पट्टी वापरा आणि ती सैल बांधा.