चौकोनी वीर आणि चोरटे वटवाघूळ

एका भगिनीचे पत्र आले आहे. मामाने परदेशातून अटारीचा खेळ आणला, तेव्हापासून दहा वर्षांचे चिरंजीव सुट्टीभर टी.व्ही.पुढून हलत नाहीत. "ना धड चित्र, ना गाणे. नुसता एक चौकोन इकडून तिकडे पळतो. माळ्यावर टाकू का?" असे त्या विचारतात.

अहो, टाकू नका. आधी एक दुपार त्याच्याशेजारी बसा. हा खेळ 'अ‍ॅडव्हेंचर', अटारी २६०० या यंत्रासाठी १९८० साली निघालेला. २०२३ साली त्या यंत्राची नवी आवृत्ती आली, तिच्यासोबत तो पुन्हा मिळू लागला. तो चौकोन म्हणजे आपला वीर. जादूचा चषक शोधून त्याने पिवळ्या किल्ल्यात आणायचा. वाटेत चक्रव्यूह, तीन ड्रॅगन (दिसतात मात्र बदकासारखे!) आणि हातातली वस्तू पळवून दुसरीच टाकून जाणारे वटवाघूळ. हातात एका वेळी एकच वस्तू धरता येते. तलवार घेतली की किल्ली खाली ठेवायची. दोन हातांनी चार कामे उरकणाऱ्या आपल्याला हे भारी जड जाते!

पहिल्या क्रमांकाचा डाव सोपा, त्यात वटवाघूळ नाही. पुढच्या डावांत भुयारात आपल्या आजूबाजूचे तेवढेच दिसते, म्हणून चौकटीच्या वहीत नकाशा काढायला लावा. डोळे पडद्यावरून हटतात, हेही साधते. ड्रॅगनने गिळलेच तर रीसेटची कळ दाबायची. वीर पुन्हा उभा राहतो, पण मारलेले ड्रॅगनही उठतात! जेवणाआधी एक डाव आणि मग ताटे घ्यायची, असे ठरवून टाका.

आणि त्याला वॉरन रॉबिनेटची गोष्ट सांगा. अवघ्या ४ किलोबाइटमध्ये त्याने हा सारा पसारा बसवला. पण कंपनी तेव्हा खेळावर करणाऱ्याचे नाव घालीत नसे. मग पठ्ठ्याने गुपचूप एक खोली बांधली. काळ्या किल्ल्याच्या भुयारात बारीकसा करडा ठिपका आहे, चटकन दिसतही नाही. तो योग्य जागी नेला की भिंतीतून वाट मिळते आणि आत त्याचे नाव! वरिष्ठांना न सांगताच तो नोकरी सोडून गेला. पुढे अमेरिकेतल्याच एका पंधरा वर्षांच्या मुलाने ती खोली शोधली आणि कंपनीला पत्र लिहिले.

हे कळल्यावर मी आमची मांडणी पाहिली. पातेल्यांवर मामंजींचे नाव, ताटांवर आहेर करणाऱ्यांची. घासणारीचे एकावरही नाही. एक डबा बाजूला काढला आहे. सोमवारी भांड्यांच्या दुकानात नेणार.

चिरंजीवांना खोली सापडली तर कळवा हं.