बाईंची शर्यत

आमच्या येडशीवरून सोलापूर-धुळे महामार्ग जातो. सुसाट गाड्या बघून वर्गातली निम्मी पोरं म्हणतात, ‘मी रेसर होणार!’ मुली मात्र गप्प. म्हणून आज ही गोष्ट.

डायना पंडोले पुण्याच्या. पेशाने शिक्षिका, म्हणजे आमच्याच व्यवसायातल्या हं! मोटारींची ओढ वडिलांमुळे लागली. ऑगस्ट 2024 मध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर त्यांनी सलून गटाचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. सलून म्हणजे केस कापायचं दुकान नव्हे बरं का! रोज रस्त्यावर दिसते तशी टपाची मोटार, पण शर्यतीसाठी तयार केलेली. इथे पुरुष-बायका एकत्रच धावतात, बाईंना सवलत नाही. मोटार शर्यतीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला.

तो ट्रॅक साधारण पावणेचार किलोमीटरचा, 12 वळणांचा. खरी कसोटी लागते ती वळणावर. ब्रेक वळणाआधीच दाबायचा, बाहेरच्या कडेने वळायला लागायचं, आतली कड अगदी जवळून गाठायची आणि मग वेग वाढवत पुन्हा बाहेर. ब्रेकला उशीर झाला की गाडी घसरलीच समजा!

शिवाय गाडीत पोलादी नळ्यांचा पिंजरा असतो, अंगात आगीपासून वाचवणारा पोशाख, डोक्यावर हेल्मेट. सगळ्या गाड्या एकाच दिशेने धावतात, समोरून कोणी येत नाही. आपल्या रस्त्यावर मात्र उसाची ट्रॉली असते, म्हशी असतात, शाळा सुटून घरी निघालेले तुम्ही असता.