राजाची ती शिकार, पारध्याची ती चोरी

भरतपूरच्या केवलादेव पक्षी उद्यानात दगडी पाट्या आहेत. कोणत्या दिवशी, कोणत्या बड्या पाहुण्यासाठी शिकार झाली आणि किती पक्षी पडले, याचा हिशेब त्यांवर कोरलेला आहे. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसाचा आकडा ४,२७३. पाहुणे होते व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो. हा वारसा म्हणून जपलेला इतिहास. त्याच जागी १९८२ मध्ये गुरं चारायला बंदी आली तेव्हा विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसं मेली.

आता फासेपारध्याच्या पालावर या. फाशात दोन तित्तर अडकले. पिसं उपटली, जाळावर भाजले, हळद-तिखट-मीठ लावून पातळ कालवण केलं, त्यात भाकरी कुस्करून घरची पाच-सहा माणसं जेवली. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या कालवणाची किंमत तीन वर्षांपर्यंत तुरुंग किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मारलेल्या पक्ष्यांची संख्या दोन, आणि पाटी कोरली जाते ती पोलीस ठाण्यातल्या नोंदवहीत.

रानातल्या मांसाबद्दल बोलायचं तर इथून बोललं पाहिजे. कोण मारतो यावरून त्याला शिकार म्हणायचं की चोरी, हे या देशात आधी जातीने ठरवलं आणि मग कायद्याने. मनुस्मृतीचा पाचवा अध्याय काढून बघा. साळिंदर, घोरपड, गेंडा, कासव, ससा हे प्राणी द्विजांना खायला चालतात, असं तिथे स्पष्ट आहे. दहाव्या अध्यायात रानटी जनावरं मारणं आणि बिळातले प्राणी पकडणं-मारणं ही कामं हीन ठरवलेल्या जातींना वाटून दिली आहेत. म्हणजे ताटातली घोरपड पवित्र आणि ती बिळातून काढणारा हात अपवित्र. आज घोरपडीसाठी पकडला जातो तो हाच हात. आणि घोरपडीचं नाव ऐकून ‘शी! कसले लोक हे!’ म्हणणाऱ्यांना आपल्याच धर्मग्रंथातला मेन्यू माहीत नसतो.

इंग्रजांनी यात बंदुकीचा परवाना घातला. निलगिरीत १८७९ मध्ये शिकार-संरक्षणाचा कायदा झाला तो साहेबांच्या खेळासाठी जनावरं उरावीत म्हणून. त्याआधी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला होता, आणि पुढे पारध्यांसारख्या अनेक जमाती जन्माने गुन्हेगार ठरल्या. डोंगर, दऱ्या, पडीक माळ खात्याने कसे गिळले आणि गरिबाची शेळीही कुठे चरू शकेना, हे जोतीरावांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सांगून ठेवलं आहे. स्वातंत्र्यानंतर काय बदललं? १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हाही परवाना काढून शिकार करता येत होती. ती वाट १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. तोपर्यंत बंदूक, परवाना आणि वर ओळख असलेल्यांना पुरेसा वेळ मिळाला होता. सरगुजाच्या महाराजांच्या नावावर तर हजाराहून जास्त वाघ सांगतात. त्यांच्या वंशाला कुणी गुन्हेगार जमात म्हटलं नाही.

उलट त्यांच्या स्वयंपाकघराचा आता ब्रँड झाला आहे. शहरातल्या महागड्या हॉटेलांत ‘जंगली मांस’ मिळतं. शिकारीच्या तळावर तूप, लाल मिरची आणि मीठ एवढ्यावर शिजवलेलं राजेशाही मांस, अशी कथा मेन्यूकार्डावर छापलेली असते. आता त्यात बकऱ्याचं मटण असतं, पण विकली जाते ती शिकारच. राजाच्या तळावरची ही पाककृती ‘हेरिटेज’ आणि पारधी बाईच्या तीन दगडांच्या चुलीवरची हंडी ‘मुद्देमाल’. जनावरं संपवण्यात वाटा कुणाचा मोठा होता, हे त्या पाट्याच सांगतात.

सरकारला मारायचं असतं तेव्हा मात्र अडत नाही. बिहारमध्ये नीलगाय उपद्रवी जाहीर झाली आणि २०१६ मध्ये मोकामा भागात बाहेरून नेमबाज बोलावून दोनशेहून जास्त नीलगायी मारल्या. केरळात २०२२ पासून पंचायतीचे प्रमुख पीक खाणारं रानडुक्कर मारण्याचा आदेश देऊ शकतात. मारतो परवानाधारक बंदूकवाला, आणि मांस खायचं नाही, पुरून टाकायचं. जनावर तर वाचलेलं नाहीच. मग या पुरण्याने कुणाचं संरक्षण होतं? जमिनीत गेलेलं चालतं, भुकेल्याच्या पोटात गेलेलं चालत नाही.

यावर लगेच वाघाचा मुद्दा येतो. वाघाच्या कातड्याचा, हाडांचा व्यापार हा गुन्हा आहे आणि राहिला पाहिजे. त्या साखळीत काही पारधी-बावरिया वापरले गेले हेही खरं आहे, पण पैसा कमावला तो व्यापाऱ्यांनी. दुर्मीळ प्राण्यांना हात लावू द्या असं इथे कुणी म्हणत नाही. प्रश्न शेताच्या बांधावरच्या सशाचा, तित्तराचा, लाव्याचा आहे. विकण्यासाठी मारणं आणि चुलीसाठी मारणं यांत फरक करता येत नाही, असंही नाही. याच १९७२ च्या कायद्याच्या कलम ६५ ने निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींचे शिकारीचे हक्क राखून ठेवले आहेत. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांना अपवाद करता येतो. मुख्य भूमीवरच्यांची वेळ आली तेव्हा २००६ च्या वनहक्क कायद्याने मध, डिंक, मासे, चराई असे कितीतरी परंपरागत हक्क मान्य केले आणि शिकारीचा, फासे लावण्याचा परंपरागत हक्क तेवढा नाव घेऊन वगळला.

आपल्या चळवळीलाही एक विचारायचं आहे. गोमांसाच्या प्रश्नावर आपण बोललो. २०१२ मध्ये उस्मानिया विद्यापीठात बीफ फेस्टिव्हल झाला, २०१५ च्या महाराष्ट्राच्या कायद्यावर लेख लिहिले. ताटात काय असावं हे ब्राह्मणी नीती ठरवते, हे आपल्याला तिथे लख्ख दिसलं. मग सशासाठी पोलीस ठाण्यात मार खाणारा पारधी आपल्या सभांच्या विषयपत्रिकेवर का नसतो? तो ‘वन्यजीवांचा’ विषय, असं म्हणून आपण पर्यावरणवाल्यांच्या टेबलावर सरकवतो. त्या टेबलावर बहुतेक कोण बसलेले असतात ते सांगायला नको.

सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगांच्या नियमावल्यांतला जातिभेद घटनाबाह्य ठरवला. विमुक्तांना सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदीही त्यात गेल्या. तुरुंगाच्या आतलं पुस्तक बदलेल. बाहेर, चोरी झाली की आधी पालावर जाणारी गाडी आणि हंडी उघडून बघणारा शिपाई यांच्यासाठी कोणती नियमावली आहे?

मागणी मोठी नाही. व्यापार आणि चूल यांत कायद्याने फरक करावा. विपुल असलेल्या लहान प्राणी-पक्ष्यांबाबत हंगाम आणि मर्यादा ठरवाव्यात, आणि त्या ठरवताना ज्यांना तित्तराच्या विणीचा महिना पाठ आहे त्यांना बोलवावं. राज्य वन्यजीव मंडळावर अनुसूचित जमातींचे किमान दोन प्रतिनिधी असावेत असं कायदा म्हणतो. भटक्या-विमुक्तांसाठी म्हणून त्यात एकही जागा नाही. आपापल्या राज्याच्या मंडळावर ते दोघे आज कोण आहेत, ते कधी बोलले आणि काय बोलले, हे माहितीच्या अधिकारात विचारायला या आठवड्यात सुरुवात करता येईल.