तारप्याला मध्यभाग द्या

१९७० साली अमेरिकेतील ‘द स्टूजेस’ या वाद्यवृंदाने ‘फन हाउस’ या ध्वनिमुद्रिकेच्या उत्तरार्धात स्टीव्ह मकाय यांचा सॅक्सोफोन गिटारींच्या प्रचंड कल्लोळात निर्धास्तपणे सोडून दिला, तेव्हा रॉकचा उन्माद आणि मुक्त जॅझचा आकांत एकाच श्वासात मावू शकतात, हे सिद्ध झाले. हा संगम मला मनापासून प्रिय आहे. आणि म्हणूनच, जो कोणी तो महाराष्ट्रात घडवू इच्छितो, त्याने प्रथम जुन्या जव्हार संस्थानचा मुलूख गाठावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

तेथील आणि मोखाड्याच्या पाड्यांवर, भातकापणीच्या दिवसांत, वाळलेल्या दुधी भोपळ्यात मेणाने बसविलेल्या दोन बांबूच्या नळ्या आणि टोकाला ताडपत्राचा कर्णा, एवढ्याच सामग्रीतून उमटणारा तारप्याचा नाद ऐकावा. सॅक्सोफोनप्रमाणेच येथेही पातीचे कंपन. परंतु वादक गाल फुगवून, नाकाने श्वास घेत, स्वराची धार क्षणभरही तुटू देत नाही, आणि त्याच्याभोवती फिरणारी नर्तकांची साखळी तारप्याला कधी पाठ दाखवीत नाही.

वाळवंड्याचे वयोवृद्ध तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली, ही आनंदाची गोष्ट खरी; परंतु शहरी मंचावर हे वाद्य दोन मिनिटांच्या प्रास्ताविकापुरते आणून बाजूस सारणे मला अन्यायाचे वाटते. गिटारवाल्यांनी आपल्या तारा तारप्याच्या सुराशी जुळवाव्यात, बिदागी बरोबरीची ठेवावी, आणि करारनाम्यावर तारपावादकाचे नाव अग्रभागी लिहावे.